आडनाव आधी

प्रिय मीरा आणि ईशान,

मागच्या रविवारी मीराने फोनवर विचारलं, "आजी, सोलापूरला तू किती तास व्हॉलंटियर केलंस?" तुमच्या शाळेत असे तास फॉर्मवर भरावे लागतात, हे मला माहीत आहे. मी म्हटलं, सतरा दिवस, रोज साधारण चार तास, गुणाकार तू कर. मग ईशानने विचारलं, मजा आली का? मी हो म्हटलं. दोन्ही उत्तरं खरी होती, तरी फोन ठेवल्यावर मला चैन पडेना. त्या सतरा दिवसांत मी एका बाईचं मन दुखावलं आणि वर्षानुवर्षं नीट चाललेली एक गोष्ट माझ्या हातून मोडता मोडता राहिली, हे मी सांगितलंच नाही. तुमच्या बाबाला मी जे फोटो पाठवले, त्यांत सगळे हसताना दिसतात. म्हणून आता, सगळं ताजं आहे तोवर, लिहून पाठवते. वाक्यं सोपी ठेवते. अडलं तर आईला विचारा.

महानंदाकडे

महानंदा आणि मी कॉलेजच्या वसतिगृहात तीन वर्षं एका खोलीत राहिलो. ती सोलापूरची लिंगायत, घरात कन्नड, दारात मराठी. मी पुण्याची, घरात मराठी, शाळेत इंग्रजी. पुढे ती शाळेत शिक्षिका झाली आणि मी ग्रंथपाल. निवृत्त झाल्यापासून ती म्हणत होती, "नले, एकदा ये आणि आमची टोपली बघ." तुमचे आजोबा गेल्यावर मला वेळच वेळ होता, तरी निघायला दोन वर्षं लागली.

जानेवारी संपत आला होता. पुण्यातून मी शाल पांघरून निघाले. सोलापूर स्टेशनबाहेर ती घडी होऊन पिशवीत गेली, ती मी पुण्याला परत येईपर्यंत बाहेर निघाली नाही. रिक्षावाला माझ्याशी हिंदीत बोलला, शेजारच्या रिक्षावाल्याशी मराठीत आणि वाटेत आईचा फोन आला तेव्हा तेलुगूत. किती भाषा येतात, असं मी विचारलं. "मोजल्या न्हाईत की, बाई," तो म्हणाला.

महानंदा दारातच उभी होती. "बर्री, कुंदर्री," असं म्हणून तिने माझी बॅग ओढून घेतली. म्हणजे या, बसा. पन्नास वर्षांपूर्वी वसतिगृहात कुणीही खोलीत आलं की ती हेच म्हणायची. जेवायला ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, दही आणि शेंगांची चटणी. पुण्यात आपण शेंगदाण्याची चटणी मिक्सरमधून काढतो, ती कोरडी पडते. इथे उखळात कुटतात, त्यामुळे तिला तेल सुटतं आणि ती भाकरीला चिकटून बसते. मी तीन भाकरी खाल्ल्या. महानंदाने चौथी वाढली.

मग तिने टोपलीविषयी सांगितलं.

सोलापुरातल्या सरकारी दवाखान्यात आजूबाजूच्या सगळ्या तालुक्यांतून आणि कर्नाटकातूनही माणसं येतात. रुग्णाला आत जेवण मिळतं. त्याच्यासोबत आलेली आई, बायको, म्हातारा सासरा मात्र व्हरांड्यात दिवस काढतात. त्यांच्यासाठी महानंदाच्या भागातल्या पंचवीस-तीस घरांतून रोज भाकरी जाते. प्रत्येक घराने चार भाकरी आणि कागदाच्या पुडीत चटणी एका फडक्यात बांधायची आणि साडेदहापर्यंत महानंदाच्या ओसरीवरच्या मोठ्या वेताच्या टोपलीत टाकायची. घरं सगळ्या प्रकारची: लिंगायत, मराठा, टॉवेल विणणारे तेलुगू पद्मशाली, मुसलमान, ख्रिस्ती. गटाला नाव नाही, बोर्ड नाही. दवाखान्यातले लोक यांना "टोपलीवाल्या बायका" म्हणतात.

फडकी सगळी एकसारखी होती. गटातल्या पद्मक्काच्या दिरांचा टॉवेलचा लहान कारखाना आहे. विणताना धागा चुकलेले पांढरे टॉवेल तिथून येत. रिकामी फडकी दुपारी ओसरीवर परत येत, गटातल्याच मार्थाबाई ती धुऊन आणत, आणि ज्याच्या हाताला जे येईल ते ज्याने त्याने घरी न्यायचं. आज तुमच्या घरी असलेलं फडकं उद्या कुणाच्या घरी जाईल, हे कुणालाच माहीत नसे. मी महानंदाला विचारलं, मग कुठली भाकरी कुणाची, हे कसं कळतं?

"टोपलीत पडली की टोपलीची," ती म्हणाली.

मला ते वाक्य आवडलं आणि मी ते वहीत लिहून ठेवलं. पण मला ते कळलं नव्हतं.

दवाखान्याचा व्हरांडा

दुसऱ्या दिवसापासून मी टोपलीबरोबर जायला लागले. रिक्षात मागे टोपली, तिच्या एका बाजूला मार्थाबाई, दुसऱ्या बाजूला मी. मार्थाबाई तीस वर्षं नर्स होत्या. व्हरांड्यात कोण रडतंय आणि कोण नुसतं झोपलंय, हे त्यांना लांबून कळतं. टोपली खाली ठेवली की माणसं येत, एक फडकं उचलत आणि भिंतीला टेकून खात. आभार मानण्याची फारशी पद्धत नाही. "घेतलं बरं का, बाई," एवढंच म्हणायचं.

तिथे मला वैरागजवळच्या गावातल्या कौशाबाई भेटल्या. त्यांची लेक पोटाच्या ऑपरेशनसाठी आत होती आणि जखम भरत नव्हती. कौशाबाई रोज माझ्याशेजारी बसून खात आणि भाकरीची परीक्षा करत. "आजची लई पातळ हाय. थापणारीचा हात हलका दिसतोय." किंवा, "ही घाईत थापली. पोरं शाळंला जायची असतील तिची." पुढे मीही तशी परीक्षा करायला लागले. पुण्यात भाकरीकडे इतकं निरखून मी कधी पाहिलं नव्हतं.

हमीदा आपांची ओळख ओसरीवर झाली. साठीच्या, बारीक, वेगाने चालणाऱ्या. अकरा वर्षांपूर्वी त्यांचे पती त्याच दवाखान्यात महिनाभर होते आणि आपांनी तो महिना टोपलीतल्या भाकरीवर काढला होता. पती वाचले नाहीत. इद्दतीचे, म्हणजे नवरा गेल्यावर बाईने घरात पाळायचे, चार महिने दहा दिवस झाले तशा त्या स्वतः चार भाकरी घेऊन ओसरीवर आल्या. "किसके हात की खाई मैं, आज तलक मालूम नै," त्या मला म्हणाल्या. "तो सबकी तरफ से समझो." सोलापूरची ही दख्खनी बोली ऐकायला फार गोड आहे. पहिल्यांदा वाटतं, हिंदी मराठी लुगडं नेसून आली आहे.

अक्कलकोट रस्ता

दुसऱ्या आठवड्यात महानंदा मला अक्कलकोटला घेऊन गेली. तिच्या भाचीच्या मुलीचं बारसं होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी कणसांनी वाकली होती. जमीन इतकी सपाट की एसटी येताना दिसते आणि मग पाच मिनिटं ती नुसती दिसतच राहते. स्वामींच्या मठात आम्ही दर्शन घेतलं. रांगेत माझ्या पुढची बाई कन्नडमध्ये नवस बोलत होती, मागची मराठीत मुलाला दटावत होती.

संध्याकाळी शेतावर हुरडा झाला. हुरडा म्हणजे ज्वारीची कोवळी कणसं शेणीच्या विस्तवात भाजून, गरम असतानाच तळहातावर चोळून काढलेले दाणे. माझा तळहात भाजला आणि फुंकर मारताना निम्मे दाणे मातीत उडाले. महानंदाचे मेहुणे गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "पुण्याचा हात हाय. पुस्तकं चोळून मऊ झालाय."

बाळाला ताप आला म्हणून महानंदाने तिथेच तीन दिवस राहायचं ठरवलं. मी एकटी परतले. निघताना ती म्हणाली, "टोपली तेवढी बघ. काही करू नकोस, नुसती बघ."

तीन दिवस माझ्याकडे

मी नुसतं बघण्यातली बाई नाही, हे तुम्हाला माहीत आहे. माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांना तुम्ही हसता. आपल्याकडे वाटीवरसुद्धा नाव कोरून घेतात. तुम्ही लहानपणी ज्या चमच्याने जेवलात, त्याच्या दांड्यावर तुमच्या पणजोबांचं नाव आहे.

निमित्त असं झालं. परतले त्याच दिवशी व्हरांड्यात एका दात नसलेल्या आजोबांच्या वाट्याला कडक भाकरी आली. ही सोलापूरची खासियत: पापडासारखी पातळ, कडकडीत भाजलेली, आठ दिवस टिकते. गावी परत जाणाऱ्यांसाठी काही घरं ती मुद्दाम देतात. आजोबांनी ती हातात धरून माझ्याकडे पाहिलं. "बाई, ही भाकर हाय का कौल?" सगळे हसले. आजोबा मात्र ती चहात बुडवून तासभर चोखत बसले.

मला वाटलं, एवढी साधी गोष्ट, आणि यांना सुचली नाही. संध्याकाळी मी नवी पेठेत जाऊन न पुसल्या जाणाऱ्या शाईची पेनं आणली. टॉवेलवर कागद चिकटत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर बसून येणाऱ्या प्रत्येक गाठोड्याच्या फडक्याच्या कोपऱ्यावर शाईनेच लिहायला लागले. मऊ की कडक, ते आधी. मग म्हटलं, लिहितेच आहे तर नीट लिहावं. भाकरी कच्ची निघाली तर कुणाला सांगायचं, हे कळलं पाहिजे. गटात दोन सुनीता होत्या, तीन लक्ष्मी. म्हणून कॅटलॉगमध्ये लिहितात तसं लिहिलं. आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग नाव. *चिप्पा, पद्मा. गायकवाड, मार्था. बिराजदार, महानंदा.* चाळीस वर्षं माझ्या हाताला तेच वळण आहे.

मार्थाबाईंनी टोपली भरता भरता विचारलं, "महानंदाला विचारलंत का?" मी म्हटलं, ती आल्यावर खूश होईल. पद्मक्काला तेलुगू वाचता येतं, मराठी बेताचंच. तिने आपलं नाव कुठलं ते बोटाने दाखवून घेतलं आणि फडकं डोक्यावर ठेवून ओसरीभर नाचली.

हमीदा आपा आल्या, त्यांनी कोपरा हातात घेतला. "शेख पहले?"

मी सांगितलं, पुस्तकांचं असंच असतं, आडनाव आधी.

"किताब बना दिए तुमे मेरी," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मग पुन्हा पाहिलं. "मेरा नाव इत्ता अच्छा कोई नै लिखा, बाई. रेशनकार्ड पे भी नै." त्यांनी गाठोडं सोडून नाव वर राहील अशी पुन्हा गाठ मारली.

त्या दिवशी व्हरांड्यात पहिल्यांदा कौशाबाई आल्या. त्यांनी हात घातला तो हमीदा आपांच्या फडक्यावर. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला "शेख" वाचायला वेळ लागत नाही. त्यांनी ते फडकं जिथून उचललं होतं तिथे परत ठेवलं आणि शेजारचं घेतलं. त्यावर "गायकवाड" लिहिलं होतं. स्वल्पविरामाच्या पुढे त्या गेल्याच नाहीत. त्यांच्या मागच्या बाईला वाचता येत नव्हतं, पण पुढचीने ठेवलेलं आपण का घ्या, म्हणून तिनेही दुसरं उचललं. तिच्या मागच्यानेही.

मी कौशाबाईंना विचारलंच. त्यांनी आवाज खाली आणला. "वाईट वाटून घिऊ नगा, बाई. आमच्यात चालत न्हाय, एवढंच. माणसं चांगलीच असतील की, मी कुटं न्हाय म्हंते."

नऊ दिवस ही बाई त्या टोपलीतलं खात होती. पातळ भाकरी, हलका हात म्हणून तिने जिचं कौतुक केलं होतं, ती कुणाची असेल? मला ते तिला सांगायचं होतं. वाक्य तयार होतं, इतकं चांगलं की वर्गात फळ्यावर लिहावं. मार्थाबाईंनी माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाल्या, "नको. तिच्या लेकीला आज पुन्हा ऑपरेशनला घेतायत."

मी गप्प बसले. त्या दिवसात मी केलेलं तेवढं एकच शहाणपणाचं काम.

दुसरं शहाणपण सुचायला हवं होतं, ते सुचलं नाही. परतलेली फडकी मी तशीच ओसरीवर ओतली. हमीदा आपा दुपारी आल्या. रिकाम्या ढिगात एक गाठोडं बांधलेलंच होतं, नाव वर. त्यांनी गाठ सोडली. चार भाकरी होत्या तशा, पुडी होती तशी. त्यांनी पुन्हा गाठ बांधली, अगदी सावकाश. "अच्छा, चलती मैं," म्हणाल्या आणि ते गाठोडं काखेत घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारणीने निरोप आणला की आपांचा हात दुखतोय. व्हरांड्यात त्या दिवशी कुणी भाकरीची परीक्षा केली नाही. माणसं वाकून वाचत होती. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी नम्रपणे विचारलं, लिंगायतांचं कुठलं? बुरख्यातल्या एका बाईने शेख आहे का विचारलं, तिची आई आत होती आणि शेख नव्हतं. ओसरीवर परतले तर दोन घरांच्या सुना थांबल्या होत्या. उद्यापासून आमचं वेगळं ठेवा, म्हणाल्या, नाहीतर आम्ही परस्पर नेऊन देऊ. एक होती ती टोपली माझ्या सुंदर अक्षराने दोन दिवसांत चार ठिकाणी वाटली गेली होती.

मी फडकी धुऊन पाहिली. सोडा लावला, लिंबू चोळलं. दुकानदाराने पेनाची खात्री दिली होती आणि तो खोटं बोलला नव्हता.

संध्याकाळी महानंदा आली. मी तिला उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तिने एक फडकं उचलून उजेडात धरलं.

"भाकरीचं लिहायचं होतंस, बाई," ती म्हणाली. "बाईचं कशाला लिहिलंस?"

ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. जेवताना तिने एवढंच सांगितलं की टोपली राहील की नाही ते आपांवर आहे. त्या घरी बसल्या तर बाकीची मुसलमान घरंही थांबतील, मग उरलेल्यांना वेगळं मागायला कारणही लागणार नाही. उद्या तू जा. मी येणार नाही.

हमीदा आपांच्या घरी

त्यांच्या गल्लीत शिरण्याआधीच यंत्रमागांचा खटखटाट ऐकू येतो. तो इतका सारखा असतो की थोड्या वेळाने तो थांबला तरच ऐकू येईल. आपांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, बशीत बिस्किटं मांडून दिली. इतका आदर त्यांनी मला ओसरीवर कधी दाखवला नव्हता. मला तो टोचला.

माफीचे शब्द मी रात्री वहीत लिहून पाठ केले होते, शुद्ध हिंदीत. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाल्या, "तुमे नाव लिखे, उसका बुरा नै, बाई."

मी कप खाली ठेवला.

"बुरा ये है के मैं खुश हुई. अकरा साल बगैर नाव के खिलाई. एक दिन अपना नाव देखके खुश हो गई, और उसीच दिन वापस आई."

यावर वहीत काही लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं, ज्या बाईने ती ठेवली तिला सांगू का, की ती नऊ दिवस हीच भाकरी खात होती? मला अजूनही ते सांगावंसं वाटत होतं, हे कबूल करते.

त्यांनी मान हलवली. "उसकू मत बोलो. खाई हुई रोटी पेट में कडवी होती. बच्ची कैसी है उसकी?"

मी सांगितलं, ऑपरेशन झालं, ताप उतरलाय. त्यांनी अल्लाचं नाव घेतलं. मग उद्या याल का, असं मी विचारलं. "हात दुखता, बाई," त्या म्हणाल्या आणि माझा कप उचलून आत गेल्या.

रंग

नाव पुसता येत नसेल तर बुडवावं लागेल, हे पद्मक्काने काढलं. तिच्या दिरांच्या अंगणात रंगाची भट्टी आहे. मोठ्या पातेल्यात पाणी, रंग आणि मीठ उकळायचं आणि कापड काठीने खालीवर करत राहायचं. रविवारी कारखाना बंद असतो, तेव्हा सगळ्यांनी फडकी घेऊन तिथे जमायचं ठरलं. ज्यांनी वेगळं मागितलं होतं, त्या दोन घरांतलं कुणी आलं नाही.

मला वाटलं होतं, अर्ध्या तासाचं काम. पण कुठला रंग, यावर सगळं अडलं. हिरवा म्हटल्यावर एक जण हसली. भगव्याला दुसरी हसली. निळा काढला तर तिसरी म्हणाली, तो तर आमचा की. पिवळ्यावर महानंदा म्हणाली, देवळातल्या भंडाऱ्यासारखा दिसेल. लाल, तर झेंडे घेऊन मोर्चा निघालाय असं वाटेल. काळ्यात अन्न कोण बांधणार? पांढरा तर होताच, तोच तर मी घालवला. मुलांनो, माणसांनी सगळे रंग आपसांत वाटून घेतलेत, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. बाया हसत होत्या, पण पाणी उकळत होतं आणि रंग ठरत नव्हता.

फाटकाशी हमीदा आपा उभ्या होत्या. केव्हा आल्या ते कुणी पाहिलं नाही. काखेत ते फडकं होतं, घडी केलेलं.

पद्मक्काने कमरेवर हात ठेवला. "हात दुखतोय ना तुझा? मग कशाला आलीस?"

"तेरे कू देखने. कित्ती मोटी हुई देखने आई."

"मोटी तर मोटी. काठी धर."

आपांनी काठी धरली नाही. भिंतीशी रंगाचे डबे होते, ते एकेक उघडून पाहिले. शेवटच्या डब्यात कुठल्याशा हॉटेलच्या टॉवेलांसाठी आणून उरलेला गडद तपकिरी रंग होता.

"चॉकलेटी डालो," त्या म्हणाल्या. "चॉकलेट सब खाते."

कुणाचीच हरकत निघाली नाही. पद्मक्काने रंग ओतला. सगळ्यांची फडकी गेली. आपांनी आपलं शेवटी टाकलं, स्वतःच्या हाताने, आणि मग काठी घेऊन ते खाली दाबलं. शाई आधी वर तरंगल्यासारखी दिसली, मग दिसेनाशी झाली. माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "अक्षर अच्छा था, बाई."

मी म्हटलं, पाणी उतू जातंय. खरोखरच जात होतं.

फडकी तीन वेळा धुतली तरी पहिल्या दिवशी भाकरीच्या कडांना रंग लागला. कौशाबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली. "करपली का काय ही?" मग खाल्ली. चार दिवसांनी त्यांच्या लेकीला घरी सोडलं. जाताना वाटेसाठी त्यांनी एक गाठोडं मागून घेतलं, कडक भाकरीचं. कडक असेल तर दोन गाठी मारायच्या आणि मऊ असेल तर एक, हेही पद्मक्कानेच काढलं. अंधारातसुद्धा बोटांना कळतं. फडकं कुणाकडून तरी परत पाठवीन, असं कौशाबाई म्हणाल्या. त्यांना काही सांगितलेलं नाही, कुणी सांगणारही नाही.

काल महानंदाचा फोन आला होता. ती दोन घरं परत आलेली नाहीत. ती आता आपली भाकरी परस्पर नेतात, नावानिशी, आणि याला कारण मी आहे. महानंदाने तसं म्हटलं नाही. पण तुम्हाला हिशेब पुरा द्यायचा म्हणून लिहिलं.

बाकीची घरं आहेत. टोपली रोज साडेदहाला ओसरीवरून निघते. हमीदा आपांच्या चार भाकरी तीत असतात. कुठल्या, ते महानंदालाही सांगता येत नाही.

तुमची,
आजी